‘धर’ म्हटल्यावर धरणारा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. पण ही ऐकीव गोष्ट नव्हे. हे माझ्या अंगणात झालं, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर झालं. मी दारू पीत नाही, हे आमच्या वाडीत कोणालाही विचारा. त्यावरून माझी टिंगल करतील, पण खोटं सांगणार नाहीत.

साल २००४. कार्तिक महिना. गाव तोंडवली, तालुका मालवण.

शेजारच्या गावात जत्रा होती. रात्री दशावताराचं नाटक. आमची अख्खी वाडी दुपारपासून तिकडे गेली होती. रिक्षावाले तिकडे, टेम्पोवाले तिकडे. वाडीत फोन होता तो एका बाबलीकडे. तोही दाराला कुलूप लावून तिकडेच गेलेला.

मागे राहिलो आम्ही तिघं. मी, माझी आई गोदूबाई आणि माझी बायको उर्वशी.

उर्वशीला नववा महिना लागला होता.

आणि गाडीला ब्रेक नव्हते.

ही गाडी मी हौसेने घेतली नव्हती. आम्ही होडीवर पोट भरणारी माणसं, आम्हाला गाडी कशाला हवी? पण दोन वर्षांपूर्वी उर्वशीला अशाच अवेळी कळा सुरू झाल्या होत्या. रिक्षा मिळेना. शेवटी बाबलीच्या टेम्पोत, माशांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये तिला झोपवून नेलं. कणकवलीला पोचलो, पण उशीर झाला होता. मुलगा होता. तो रडलाच नाही.

याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, म्हणून इतकंच.

तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी दारात आपली गाडी पाहिजे. कणकवलीच्या एका दुकानदाराकडून जुनी डिझेल गाडी घेतली. पांढरी, जाड पत्र्याची, पुढची सीट सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. इंजिन आमच्या होडीच्या इंजिनासारखंच धडधडायचं, त्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून घरची वाटली. फिल्टर बदलणं, ऑइल बदलणं, डिझेलच्या नळीत हवा धरली की पंप मारून ती काढणं, सगळं मी घरीच करायचो. होडीवर हेच करत मोठा झालो. गॅरेजवाल्यासमोर हात बांधून उभं राहायला मला आवडत नाही.

पण होडीचीच एक सवय नडली. होडी आम्ही खाडीच्या पाण्याने धुतो. मी गाडीही तशीच धुवायचो. घरचं गोडं पाणी गाडीवर ओतायचं, हे आमच्या डोक्यातच येत नाही. त्या खाऱ्या पाण्याने ब्रेकचा लोखंडी पाईप आतल्या आत खाल्ला, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी तो फुटला.

नवा पाईप मी आणून बसवला. आता फक्त हवा काढायची राहिली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या पाईपात तेल असतं. त्यात हवा शिरली की ब्रेक लागत नाही, पॅडल नुसतं आत जातं. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर, एक खाली चाकाजवळ. खालचा म्हणतो, ‘मार’. वरचा पॅडल मारतो. खालचा म्हणतो, ‘धर’. वरचा पॅडल दाबून धरतो आणि तसं ओरडून सांगतो. मग खालचा चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायचा बारीक पोकळ स्क्रू, सैल करतो. तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळलं की तो म्हणतो, ‘सोड’. त्याआधी वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत. बुडबुडे संपेपर्यंत हेच करायचं, चारही चाकांना.

एकट्या माणसाला हे जमत नाही.

आमचं अंगण म्हणजे सगळी वाळू. होडीच्या तळाला डांबर लावायचं असलं की आम्ही खालची वाळू उकरून आत शिरतो. मी गाडीचंही तेच केलं. चाकं दोन फळ्यांवर उभी केली आणि मधली वाळू उकरून लांब चर पाडला. त्यात उताणं पडलं की गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकता येई. जॅक नको, काही नको. मी स्वतःच्या अकलेवर खूश होतो.

आई चरात डोकावून म्हणाली, “ह्या काय खणून ठेवलंस रे? माका नाय बरा वाटत.”

“काम झाला की बुजवतंय, आये,” मी म्हणालो.

सीटवर उर्वशी बसली. दुसरं कोण होतं? आईने तोंड वाकडं केलं, तर उर्वशी म्हणाली, “पायान दाबूचा आसा. वझा थोडाच उचलूचा आसा?”

पण माझ्यावर ती चिडलेली होती. कणकवलीला तिची बहीण राहते, हॉस्पिटलच्या जवळच. तिथे जाऊन राहायचं ठरलं होतं. होड्यांचा हंगाम जोरात होता, म्हणून मी आज-उद्या करत होतो.

“ब्रेक झाले की उद्या सकाळीच जावया,” मी चरात शिरता शिरता म्हणालो.

“तुमचा उद्या मी आठवडोभर आयकतंय,” ती म्हणाली.

पहिलं चाक मागचं, डावीकडचं. ते सरळ झालं. मी ‘धर’ म्हणायचो, वरून सीटची स्प्रिंग कुईकन वाजायची आणि तिचा कडवट आवाज यायचा, “धरलंय.” तिचा पाय मधेच लटपटायचा, तसं नळीतलं तेलही कमीजास्त व्हायचं. नळी म्हणजे सलाईनची, आणि खाली एक बाटली. तेलातले बुडबुडे हळूहळू संपले.

मी बाहेर येऊन पुढे बॉनेटखालच्या ब्रेकच्या डब्यात कमी झालेलं तेल भरलं. बॉनेट उघडंच ठेवलं. उर्वशीकडे बघून हसलो. तिने मान फिरवली. नव्या तेलाची बाटली हाताशी असावी म्हणून मी ती चरातच ठेवली आणि मागच्या उजव्या चाकाखाली सरकलो.

तिथलं निपल गंजून बसलं होतं. पान्यावर हातोडी मारत बसलो. ठाक ठाक ठाक. मधेच घरातून आईचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही. वर उर्वशीही काहीतरी बोलली असावी. माझं लक्ष निपलावर होतं.

बाहेर अंधारत चाललं होतं. मी टॉर्च लावून छातीवर ठेवला.

निपल सुटलं एकदाचं.

“मार,” मी म्हणालो.

वर पॅडल वाजलं. धप्. धप्. धप्.

“धर.”

पॅडल दाबलं गेलं...

उत्तर आलं नाही.

मी थांबलो. उत्तर आल्याशिवाय निपल उघडायचं नाही, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, बाईसाहेबांचा अबोला सुरू झाला. जरासं उघडून बघितलं. तेल चांगलं जोरात आलं. म्हणजे पाय पॅडलवर होता.

“सोड.”

पॅडल वर आलं. टक्.

“गो, तोंडात काय भात भरलंस?” मी विचारलं.

काही नाही.

बरं, मी म्हटलं. रूस. काम तर होतंय.

आणि खरं सांगायचं तर काम आता जास्तच चांगलं होत होतं. मघाशी तिचा पाय लटपटत होता. आता दाब एकसारखा होता, शिकंज्यात धरल्यासारखा. तेलाची धार अजिबात हलत नव्हती.

मार. धर. सोड. मार. धर. सोड.

मग एक गोष्ट लक्षात आली...

सीटची स्प्रिंग वाजत नव्हती.

आमच्याकडे समुद्राची गाज दिवसरात्र असते. ती आम्हाला ऐकू येत नाही, कारण ती कधी थांबतच नाही. त्या वेळी मात्र मी कान दिला...

गाज नव्हती.

कान बंद झाले असतील, मी म्हटलं. हातोडीने होतं तसं.

“मार” म्हणायला मी तोंड उघडलं...

धप्. धप्. धप्.

मी काही बोललोच नव्हतो.

“तुका कसा कळला?” मी हसून विचारलं. माझंच हसू मला बरं वाटलं नाही. पत्र्याखाली ते जास्तच मोठं वाजलं.

वरून उत्तर नाही.

दुसरं चाक झालं. खरं तर तिथे बाहेर येऊन डब्यात तेल घालायला हवं होतं. पण डास फोडून खात होते, उठायचा कंटाळा आला. पुढचं एक चाक झाल्यावर घालू, म्हटलं. चरातल्या चरात सरकत मी पुढच्या डाव्या चाकाजवळ गेलो.

आता सीट जवळजवळ माझ्या डोक्यावर होती. मधे फक्त पत्रा.

नवव्या महिन्यातली बाई नुसती बसली तरी धापा टाकते. मी कान लावला...

श्वासाचा आवाज नव्हता.

“धर,” मी म्हणालो. आवाज का कुणास ठाऊक, बारीक आला.

पॅडल दाबलं गेलं. मी निपल सैल केलं. नळीतून तेल वाहू लागलं.

आणि वाळूत पावलं वाजली.

मी मान वळवली. टॉर्चच्या उजेडात पाय दिसले. अनवाणी, सुजलेले, जोडवी घातलेले. घराकडून आले आणि माझ्यासमोर थांबले.

“ओ, चाय थंड झाली,” उर्वशी म्हणाली. “किती हाको मारूच्यो तुमका?”

नळीतून तेल वाहत होतं. पॅडल अजून दाबलेलं होतं.

माझे हात आपोआप चालले. निपल आवळलं. आणि सवयीने तोंडातून गेलं...

“सोड.”

वर... टक्.

उर्वशीचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी चरातून कसा बाहेर आलो ते आठवत नाही. तेलाची बाटली लवंडली, सगळं तेल वाळूत गेलं. गाडीचं दार उघडं होतं. आत टॉर्च मारला. सीट रिकामी. सीटवरचं कापड नीट, सुरकुतीसुद्धा नाही.

“तू कधी उतरलंस?” मी विचारलं.

“तिन्हीसांज झाली म्हणान आयेन हाक मारल्यान. अशा दिवसांत भायर बसू नये म्हणतत ना? तुमका सांगून गेलंय. तुमी ठोकीत होतास.”

“आणि दुसऱ्या चाकाक?”

“खयचा दुसरा चाक? मी पयल्याकच होतंय.”

आई तुळशीपुढे दिवा लावून तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं.

“सत्या, तू कोणाक हाक मारलंस?”

“कोणाक नाय. नुसता ‘धर’ म्हटलंय.”

“उर्वशीचा नाव घेतलंस?”

“नाय.”

आईने दिव्याची वात उगाच सारखी केली. “तिन्हीसांजेक नाव घेतल्याशिवाय हाक मारूची नाय रे. जो आयकता तो येता.”

एरवी मी आईला असल्या गोष्टींवरून चिडवतो. त्या दिवशी तिच्याच मागे घराकडे वळलो.

आम्ही घरात आलो. मी दाराला कडी घातली. आईने चहा परत गरम करायला ठेवला. तो उकळलाही नसेल, तोवर उर्वशी भिंत धरून खाली बसली.

“आये,” ती म्हणाली. “पोटात येता.”

मी रस्त्यावर धावलो. एकही गाडी नाही, एकाही घरात दिवा नाही. बाबलीच्या दाराचं कुलूप मी दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हाका मारायची भीती वाटत होती, तरी मारल्या. लोकांची नावं घेऊन मारल्या. कोणी नव्हतं.

परत आलो तेव्हा उर्वशीने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता. ती मला म्हणाली, “ह्या खेपेक उशीर करू नको.”

एरवी ती मला ‘तुमी’ म्हणते.

मी गाडीजवळ गेलो. उघडं बॉनेट आत न बघताच आपटून बंद केलं. आत हात घालून, न बसता, हातानेच पॅडल दाबलं. दगडासारखं कडक. इतके चांगले ब्रेक या गाडीला मी कधीच बघितले नव्हते. एक चाक राहिलं होतं, पण तीन झाली होती. हँडब्रेक होता, गिअर होते.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांपूर्वीची ती टेम्पोतली वाट मला त्याहून जास्त भिववत होती.

आईने गाडीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. मग उर्वशीला घेऊन मागे बसली. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. ती जागा रिकामी होती, म्हणजे मला तरी तसं दिसत होतं.

गाडी फळ्यांवरून उतरवली आणि निघालो.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. ब्रेक लागत होते. आचरा मागे पडला. रस्त्याला चिटपाखरू नाही. मागे उर्वशी दात आवळून कण्हत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी स्वतःला समजावलं की घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं. पॅडलची स्प्रिंग अडकली असेल. पाईपात दाब राहिला असेल.

कणकवलीच्या वाटेवर एक लांब उतार आहे. खाली वळण, आणि वळणावरच अरुंद पूल.

उताराला लागल्यावर मी ब्रेकवर पाय ठेवला...

पॅडल मऊ होतं.

पाय थेट तळाला गेला. परत मारला. परत तळाला. नुसती हवा. हँडब्रेक ओढला, तो सैल दोरीसारखा हातात आला. गिअर खाली टाकायला गेलो, खरखर वाजला आणि पडला नाही. गाडी वेग घेत होती. दिव्यांच्या उजेडात पुलाचे पांढरे कठडे दिसू लागले.

“ओ, हळू,” उर्वशी मागून म्हणाली.

मी जे म्हणालो ते ठरवून म्हणालो नाही. देवाचं नाव घ्यायचं सोडून माझ्या तोंडातून तेच आलं.

“धर,” मी म्हणालो. “धर रे.”

माझा पाय कशानेतरी बाजूला सारला...

जोर करून नाही. एसटीत शेजारचा माणूस ‘जरा सरका’ म्हणून सारतो, तसा. जे लागलं ते ओलं होतं, आणि थंड.

माझ्या डोळ्यांदेखत पॅडल खाली गेलं. सावकाश, एकसारखं. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. इंजिन बंद पडलं.

रातकिड्यांचा आवाज येत नव्हता. ओढ्यात पाणी होतं, त्याचाही नाही.

मी स्टार्टर मारला. इंजिन लागलं. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. इंजिन घुसमटून परत बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चारही चाकं जखडलेली.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय बाजूला होते. ब्रेकचं पॅडल तळाला दाबलेलं होतं.

मागे उर्वशीला जोराची कळ आली. तिने सीटवर मूठ आपटली. “थांबलास कित्या? चल ना रे.”

मी स्टिअरिंग धरून नुसता बसलो होतो. मागचं सगळं डोळ्यांपुढे आलं. तेव्हाही असंच रस्त्यात कुठेतरी थांबलो होतो, टेम्पो तापला म्हणून.

“सत्या,” आई मागून म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “तू धर म्हटलंस. आता तेका काय ता सांग.”

मी वाकून पॅडलकडे बघितलं.

“सोड,” मी म्हणालो.

टक्.

तिथून कणकवलीपर्यंत मी ब्रेकला पाय लावला नाही. लावून उपयोगही नव्हता. वळण आलं की म्हणायचो, “धर.” वळण गेलं की म्हणायचो, “सोड.” एकदाही चूक झाली नाही. एकदाही उशीर झाला नाही. मी म्हणेन तेव्हा, म्हणेन तितकंच.

उर्वशीने एकदा विचारलं, “कोणाशी बोलतास?”

“गाडयेशी,” आई म्हणाली, आणि तिने आपला पदर तिच्या डोळ्यांवर ओढला.

हॉस्पिटलच्या दारात मी शेवटचं ‘धर’ म्हणालो, माणसं उतरली, आणि ‘सोड’ म्हणून मी गाडी कडेला लावली. मग धावत आत गेलो.

मुलगी झाली. ती रडली. इतक्या मोठ्याने रडली की बाहेर बाकावर बसलेल्या मला ऐकू आलं. मी पण रडलो. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

सकाळी उजेड झाल्यावर मी गाडीचं बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाचा डबा कोरडा होता. वेळेवर भर न घातल्यामुळे त्यातलं तेल मी चरात असतानाच संपत आलं असणार आणि हवा पाईपात गेली असणार. ते मला कळत होतं. रस्त्यात ब्रेक कशाने लागले, ते मात्र नाही.

बाबली जत्रेहून परतल्यावर बातमी ऐकून आला. त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. आम्ही हॉस्पिटलच्या मागे, भर उन्हात, सगळी हवा नव्याने काढली. शब्द बदलले. ‘धर’ऐवजी ‘दाब’, ‘सोड’ऐवजी ‘उचल’. आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना बाबलीने स्वतःचं नाव सांगायचं. “मी बाबली, दाबलंय,” असं तो चारही चाकं होईपर्यंत ओरडत राहिला. वॉचमनला वाटलं, आमच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्या दुकानदारालाही मी जाऊन भेटलो. अपघात नाही, काही नाही. त्यांच्या घरात सगळी माणसं धडधाकट. पुलाबद्दल विचारलं. तिथेही कधी काही ऐकिवात नाही. आमच्या अंगणात तर पिढ्यान्‌पिढ्या होड्याच ठेवतात. मी खूप शोधलं, पण कशाचा धागा कशाला लागला नाही.

मग बाळ-बाळंतिणीला घरी आणायचा दिवस आला.

त्याच गाडीतून आणलं. तेव्हा आनंदात होतो, ब्रेक नीट होते, दिवस लख्ख होता. त्या उतारावर मी माझ्या पायाने ब्रेक दाबला. नीट लागला. पूल आला, गेला. मागे उर्वशी बाळाशी गुणगुणत होती.

आणि तेव्हा मला सुचलं, जे आधीच सुचायला हवं होतं.

मी त्याला ‘सोड’ म्हणालो होतो. ‘उतर’ असं कोणीच म्हटलं नव्हतं.

गाडी अंगणात आणून लावली. आईने बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळे आत गेले. मी एकटा गाडीपाशी राहिलो. चर तिथेच होता, बुजवायचा राहिलेला. तो मी बुजवला. मग गाडीच्या दारात उभा राहिलो आणि तो शब्द म्हणायला तोंड उघडलं.

पण म्हणालो नाही.

उतरलं तर जाईल कुठे? समोर आमचं दार. दारातून आत बघितलं की पाळणा.

मुलीचं नाव समीक्षा. आता पहिलीला आहे. हुशार आहे, बडबडी आहे, तिला काही झालेलं नाही, देवाची कृपा. गाडी मी हळूहळू चालवायची बंद केली. सुरूच्या झाडांखाली उभी आहे, चाकं वाळूत रुतलीत, पत्र्याला भोकं पडलीत. मुलीने आत शिरू नये म्हणून दारं तारेने बांधली आहेत. संध्याकाळी तिकडे कोणी जात नाही. मला कधी कधी पॅडलचा आवाज आल्यासारखा वाटतो. उर्वशीला विचारलं तर ती विषय बदलते.

मागच्या महिन्यात भंगारवाला आला होता. लोखंड म्हणून घेऊन जातो म्हणाला. मला बरं वाटलं. एकदाची ब्याद जाईल, म्हणून मी तार सोडायला पक्कड आणायला वळलो.

उर्वशी दारात उभी होती. समीक्षा तिच्या मागे, तिचा पदर धरून.

“गाडी नाय देऊची,” ती म्हणाली.

“कित्या?”

तिने आधी मुलीला आत पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाली, “गाडी गेली तर ता खंय बसतला?”

मी भंगारवाल्याला परत पाठवलं.